भंगारातल्या ११८ एनईपासून रॅलीची सेआत १२४ कशी बनवायची (नागपुरात बसून)

रॅली कारची रिप्लिका म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात लान्चिया स्ट्रॅटोस नाहीतर मिनी कूपर येते, मग गडी इंपोर्ट ड्यूटीचा हिशोब करतो अन् दुसऱ्या दिवशी तर्री पोहे खाऊन विसरून जातो. माझंही तसंच व्हायचं होतं. पण एका खरोखरच्या रॅली कारचं सख्खं भावंड आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या वाड्यात चिंचेखाली सडत उभं आहे अन् मालकाला त्याचा पत्ता पण नाही. प्रीमियर ११८ एनई. तीच, वकील अन् डॉक्टर लोकांची चौकोनी गाडी.

गोष्ट अशी आहे की फियाटने १९६६ ला १२४ काढली, १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर ती. मग तिचं लायसन घेऊन जगभर कारखाने निघाले, रशियात तिची लाडा झाली, तुर्कस्तानात मुरात अन् स्पेनमध्ये सेआत. स्पेनवाल्यांनी १९७५ ला जुजारो या इटालियन डिझायनरकडून तिचं तोंड बदलून घेतलं, गोल दिव्यांच्या जागी चौकोनी आले, अन् तिकडे गाडी १९८० ला बंद झाल्यावर तीच बॉडी आपल्या प्रीमियरने उचलली, आत निसानचं ए१२ इंजिन टाकलं, ११७१ सीसी, अन् १९८५ ला ११८ एनई म्हणून विकायला काढली. एनई म्हणजे निसान इंजिन. आता मुद्द्याची गोष्ट. जानेवारी १९७७ ची मॉन्टे कार्लो रॅली. पहिला मुनारी, स्ट्रॅटोसमध्ये. दुसरा आंद्रुए, फियाट १३१ अबार्थमध्ये. अन् तिसरी आणि चौथी आली सेआत १२४डी एस्पेशल १८००, एकीत अँटोनियो झानिनी, दुसरीत साल्वादोर कान्येयास (हा कान्येयास आधी मोटरसायकलवाला होता, मोटरसायकल ग्रां प्री जिंकणारा पहिला स्पॅनिश माणूस, १९६८). म्हंजे स्ट्रॅटोसच्या मागे बर्फात धावलेली ही डब्बा गाडी अन् आपल्या सदर भागातल्या डॉक्टरसाहेबांची गाडी, पत्रा एकाच घराण्याचा. हे कळलं त्या रात्री मला झोप नाही आली राव.

आता पहिलं काम पान्याचं नाही, फोटोचं. एक गाडी, एक रॅली, शक्य झालं तर एकच दिवस ठरवा. "सेआतसारखी रॅली कार" बनवायला गेलात तर शेवटी चार गाड्यांची खिचडी होते, दिवे एका वर्षाचे, चाकं दुसऱ्या, नंबर तिसऱ्याचा. एका फोटोची मोठी प्रिंट काढून भिंतीला लावा अन् त्याच गाडीचे दुसऱ्या अँगलचे जितके मिळतील तितके फोटो जमवा. रॅलीत एकाच गाडीचं रूप दिवसागणिक बदलतं हे विसरू नका, रात्रीच्या स्टेजला (टप्प्याला) समोर जादा दिव्यांची रांग लागते अन् दिवसा काढून ठेवतात, बर्फ असला तर टायर बारीक, कोरडा डांबरी रस्ता असला तर रुंद. फोटोतल्या गाडीवरून मापं काढायची ट्रिक सांगतो: १३ इंची रिम हे तुमचं माहीत असलेलं माप. फोटो बाजूने काढलेला असेल तर रिमच्या मापावरून दिव्याचा व्यास, आकड्याची उंची, टायर अन् मडगार्डमधली फट, सगळं पट्टी लावून निघतं. फक्त तिरप्या फोटोवर हा हिशोब लावू नका, फसाल.

गाडी शोधताना

इंजिन चालू आहे की नाही ते शेवटी बघा. खरंच. ए१२ दणकट, साधं पुशरॉड इंजिन आहे, १९७० च्या डॅटसन १२०० मध्ये हेच होतं, ते उघडून करता येतं. पत्रा गेला असेल तर मात्र गाडी नाही, चाळणी घेऊन राहिले तुम्ही. खिशात एक लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून, अन् मडगार्ड, फूटबोर्ड, दारांचा खालचा भाग असं फिरवत जा. जिथं चिकटत नाही तिथं खाली लांबी (पुटी) आहे. मी घेतलेल्या गाडीचा मागचा आर्च (चाकावरची कमान) इतका छान गुळगुळीत होता की मी खूश, डेंटर भाऊंनी नखाने टकटक केलं अन् म्हणाले, "दादा, याच्यात गाडी कमी अन् लांबी जास्त हाय." खरवडली तर अंगठ्याएवढा थर निघाला, अन् त्याच्या खाली पत्र्याऐवजी जुन्या पोत्याचा तुकडा. पोतं!

बघायच्या जागा: समोरच्या काचेच्या खालचा कोपरा, बॅटरीचा ट्रे, ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट उचलून, डिक्कीत स्टेपनीचा खड्डा, पुढच्या सस्पेन्शनचे विशबोन जिथं बॉडीला बसतात ती जागा. ही शेवटची जागा गेली असेल तर दुसरी गाडी शोधा, भाव कितीही पाडला तरी.

कागदांचं पण आत्ताच. पंधरा वर्षं कधीच होऊन गेलीत, म्हणून आरसी रिन्यू आहे का, फिटनेस आहे का, पुढे दर पाच वर्षांनी परत करावं लागतं अन् पर्यावरण कर भरावा लागतो. चेसिस नंबर आरसीशी स्वतः टॉर्च मारून जुळवा. अन् हे ठळक लिहून ठेवा: डेंटिंगच्या वेळी चेसिस नंबर असलेल्या पत्र्याला कोणी ग्राइंडर लावणार नाही. त्याच्यावर मास्किंग टेप मारून वर मार्करने "हात लावू नये" लिहा. पोरं घाईत असतात, नंबर एकदा घासला गेला की आरटीओत तुमचं म्हणणं कोण ऐकणार. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कायद्याचं बोलायचं तर मोटर व्हेइकल अ‍ॅक्टचं कलम ५२ आहे, अन् जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगून टाकलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला छेद देणारे बदल चालणार नाहीत. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा की गाडी रस्त्यावर चालवायची का फक्त शोला, ट्रेलरवरून न्यायची. रस्त्यावर चालवायची असेल तर रंग बदलण्याची नोंद आरसीवर करून घ्या, अन् आर्च, सीट असल्या प्रत्येक बदलाबद्दल करायच्या आधी आरटीओत विचारा, करून झाल्यावर नाही. माझा कल सांगतो: बाहेरचं जितकं नटबोल्टने लावून काढता येईल तितकं तसंच ठेवायचं.

पत्रा

इथं तुमचे निम्मे पैसे अन् दोन तृतीयांश वेळ जाणार आहे अन् हे कोणाला दिसणार पण नाही, म्हणून सगळे इथंच कंटाळा करतात. सीट, काचा, डॅशबोर्ड, वायरिंग सगळं काढा. काढताना प्रत्येक गोष्टीचा मोबाईलवर फोटो अन् प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या झिपलॉक पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. "माझ्या लक्षात राहील" असं म्हणणारा प्रत्येक माणूस, मी धरून, खोटं बोलून राहिला असतो.

फूटबोर्ड कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप टॅक करा (ठिपक्या-ठिपक्याने तात्पुरता वेल्ड). ही मोनोकॉक बॉडी आहे, खाली वेगळी चेसिस नाही, फूटबोर्ड कापला की गाडी मधून लचकते, अन् लचकलेल्या अवस्थेत नवीन पत्रा वेल्ड केला की ती आयुष्यभर तशीच, दार मग लागतच नाही. एका वेळी एकच बाजू कापा. गाडी चार ठिकाणी सारखी टेकवा, लेव्हल लावा, आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहा. वेल्डिंगनंतर परत मोजा. दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक पडला तर तिथंच थांबा.

पत्रा सीआरसीए (कोल्ड रोल्ड) घ्या, बॉडीला २० गेज, फूटबोर्ड अन् फ्लोअरला १८ गेज. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून लाटा उठतात, त्यामुळे सीओटू वेल्डिंगवाला पकडा, अन् त्याला सांगा की एक इंच इकडे, एक इंच तिकडे, सलग ओढायचं नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले ढिगाने आहेत पण बॉडीचा पातळ पत्रा अन् गेटचा अँगल ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून आधी भंगार पत्र्याचे दोन तुकडे जोडायला लावा अन् मगच गाडीला हात लावू द्या. जोड पूर्ण झाला की आतून प्रायमर, वरून सीलर, अन् पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स. ते नसेल केलं तर तुम्ही नवीन गंज पेरून राहिले.

आर्च, अन् चितार ओळी

ग्रुप ४ च्या, म्हंजे त्या काळच्या एका रॅली वर्गाच्या गाड्यांची ओळखच ती, फुगवलेले आर्च. रुंद टायर बॉडीबाहेर येऊ नये म्हणून. आपल्या फोटोत ते किती बाहेर आहेत, वरची कड गोल आहे का कापलेली, रिव्हेट दिसतात का, बघून घ्या. बाजारात तयार मिळणार नाहीत, फायबरमध्ये बनवावे लागतात, अन् त्यासाठी आधी आकार हवा.

मी दोन महिने थर्माकोल अन् लांबीने आकार काढायचा प्रयत्न केला. डावा बरा जमला. उजवा त्याच्या शेजारी ठेवला की गाडीला गालगुंड झाल्यासारखं दिसायचं. मग एका मित्राने विचारलं, काऊन बे, चितार ओळी काय परदेशात हाय का? खरंच की. महाल भागात चितार ओळीत पिढ्यानपिढ्या गणपती बनवणारे लोक आहेत, आकार काढणं हेच त्यांचं पोट. गणपती-दुर्गा आटोपल्यावर, दिवाळीच्या आसपास एका मूर्तिकार काकांना गाडीपाशी घेऊन आलो, फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली अन् विचारलं, "हे चाक फिरते तवा माती किती उडते?" मला वाटलं चेष्टा करून राहिले. नाही, त्यांना कड कुठे संपवायची ते ठरवायचं होतं! शाडू मळून आणला होता. मडगार्डला प्लास्टिक चिकटवून त्यावर माती थापली, मग ओल्या बोटाने, अन् शेवटी बांबूच्या पातळ कामट्याने वरची कड ओढली, एका ओढीत, मागे न जाता. उजव्या बाजूला माप म्हणून पुठ्ठ्याचा साचा धरला खरा पण मला वाटतं तो माझ्या समाधानासाठी होता, ते लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचे, सोंडेची दिशा बघतात तसे. एका दिवसात चारही आर्च. पैसे घेतले, शिवाय म्हणाले गाडी झाली की नातवाला एक चक्कर.

माती सावलीत सुकू द्या, उन्हात ठेवली की तडे. सुकल्यावर शेलॅकचे दोन हात, बारीक सँडपेपर, वॅक्स पॉलिश चार-पाच वेळा, त्यावर रिलीज एजंट. मग फायबरचा साचा, अन् साच्यातून पार्ट. फायबरचं काम करणारे शोधताना पाण्याच्या टाक्या अन् बागेतल्या घसरगुंड्या बनवणारे बघा, त्यांना जेलकोट (वरचा गुळगुळीत थर), मॅट (काचेच्या तंतूंची चादर), रेझिन सगळं रोजचं. जेलकोटवर ३०० ग्रॅमची मॅट, मग ४५० चे दोन थर, आर्चला एवढं पुरतं. बुडबुडे रोलरने काढा.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या, ह्या मजेत घेऊ नका. रेझिन घट्ट व्हायला त्यात टाकायच्या दोन बाटल्या असतात, कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर अन् एमईकेपी हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट कधी, कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर, साधारण एक ते दोन टक्के. दुसरी, नागपूरच्या मे महिन्यात हे काम करायचंच नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना रेझिन ब्रश उचलेपर्यंत मगामध्येच दगड होतं, धूर निघतो, प्लास्टिकचा मगसुद्धा वितळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी.

आर्च बॉडीला लावताना खालचा मूळ मडगार्ड कापायची घाई नको. चाक आतल्या कडेला लागत असेल तर कड आत वळवा, कापली तर आतला अन् बाहेरचा पत्रा परत वेल्ड करून बंद करा, नाहीतर त्या फटीत एका पावसाळ्यात गंज.

चाकं, उंची

रिम घेताना सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. फियाट घराण्याचं पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ४ बाय ९८, अन् बाजारात मारुती-होंडा-ह्युंदाईसाठी पडलेली बहुतेक अलॉय ४ बाय १००. दोन मिलिमीटरचा फरक, रिम बसल्यासारखी वाटते, बोल्टही लागतात, पण ते तिरपे बसतात अन् चालता चालता ढिले होतात. दुकानदार म्हणेल चालते हो सर. नाही चालत. चार बोल्टचं पीसीडी मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या, तेच. शिवाय फियाटला नट नाही, बोल्ट असतो, रिम जाड झाली तर बोल्ट लांब लागेल, जुनाच वापरला तर दोन-तीन आट्यांवर सगळी गाडी लटकेल.

उंचीचं सांगतो. मॉन्टे कार्लो जानेवारीत, आल्प्सच्या डांबरी रस्त्यांवर, कुठे बर्फ, कुठे कोरडं. म्हणून ती गाडी सफारी रॅलीच्या गाड्यांसारखी उंच नसते. आपल्याला पण थोडी खाली हवी. स्प्रिंग ग्राइंडरने कापू नका, एक तर कापलेलं टोक बसकणीत बसत नाही, दुसरं गाडी ताठ होऊन उडते. त्याच तारेच्या कमी उंचीच्या स्प्रिंग बनवून घ्या, वाडीला ट्रकचं काम चालतं त्या पट्ट्यात विचारत फिरलात तर स्प्रिंगवाले सापडतात. अन् मागे सलग एक्सल आहे, त्याला बाजूने धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड. गाडी खाली-वर केली की हा रॉड एक्सलला एका बाजूला सरकवतो. माझ्या गाडीचं मागचं डावं चाक आर्चमधून डोकावून राहिलं होतं अन् उजवं आत दडलेलं, मी तीन दिवस बिचाऱ्या मूर्तिकार काकांच्या मापाला दोष दिला. शेवटी लेथवाल्याकडून पॅनहार्ड रॉडला उलट-सुलट आट्यांचा अ‍ॅडजस्टर करून घेतला, एक्सल मध्यात आणला, काकांचे दोन्ही आर्च मिलिमीटरला सारखे निघाले. जाऊन माफी मागितली, संत्र्याची बर्फी घेऊन.

इंजिन

खऱ्या गाडीत लाम्प्रेदी या इंजिनियरच्या डिझाइनचं फियाटचं ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन होतं, १८०० सीसी. तो आवाज ए१२ मधून येणार नाही. सायलेन्सर कापून तर नाहीच नाही, नुसता ट्रॅक्टर होतो अन् शेजारचे आजोबा बोलणं बंद करतात. ट्विन कॅम बाहेरून आणून टाकायचं स्वप्न मी पण पाहिलं, पण इंजिन बदल म्हणजे आरटीओची मंजुरी, गिअरबॉक्सचं माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट, सगळंच वेगळं. माझं मत: ए१२ च ठेवा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले तर इंजिन न खोलता कार्बोरेटर, टॅपेट, पॉइंट, प्लग, रबरी पाइप करून घ्या. पेट्रोलची टाकी मात्र खोलून धुवा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत अर्धा किलो गंज असतो अन् तो नेमका रिंग रोडवर कार्बोरेटरच्या जेटमध्ये येतो. ब्रेकचं सगळं रबर नवीन, इथं पैसे वाचवू नका.

रेडिएटर. हे नागपूरवाल्यांसाठी खास. दिव्यांची रांग ग्रिलच्या बरोबर समोर येते अन् हवा अडवते. आल्प्समध्ये शून्याखाली कोणाला फरक पडतो. मी एप्रिलमध्ये दुपारी वर्धा रोडला, मेट्रोच्या सावलीत सिग्नलला उभा, काटा चढून राहिला, चढून राहिला, अन् मग बॉनेटखालून वाफ. मागच्या ऑटोवाल्याने उतरून स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, वर म्हणाला, "भाऊ, समोर एवढ्या थाळ्या लावल्यावर हवा कुठून जाईल?" थाळ्या! म्हणून: कोर नवीन बसवून घ्या, थर्मोस्टॅट स्विचवाला इलेक्ट्रिक फॅन लावा, अन् दिव्यांचा अख्खा बार दोन बोल्ट अन् एका कनेक्टरवर पाच मिनिटांत निघेल असा बनवा. खऱ्या टीम पण दिवसा काढायच्याच, म्हंजे रिप्लिकेचा धर्म पण बुडत नाही.

दिव्यांचं वायरिंग

चार दिवे, प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे २२० वॅट, १२ व्होल्टवर अठरा अँपियरच्या वर. हे डॅशच्या स्विचमधून नेलं तर स्विच वितळेल. दोन रिले घ्या, एका रिलेवर दोन दिवे, प्रत्येकाला १५ अँपियरचा फ्यूज, बॅटरीजवळ. वायर अडीच स्क्वेअर एमएमची. रिलेचा ३० नंबर फ्यूजमधून बॅटरीला, ८७ दिव्यांना, ८६ स्विचकडून, ८५ अर्थ. अर्थ रंगावर नाही, खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर. दिव्याला खालच्या बोल्टशिवाय वरून एक पातळ आधारपट्टी द्या, नाहीतर उजेड रस्त्यावर नाचतो. रस्त्यावर फिरताना दिव्यांवर झाकणं हवीतच, फोटोत पण बऱ्याचदा झाकणं दिसतात, त्यामुळे ती बिनधास्त लावा.

आतलं

केज, म्हंजे गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपांचा सांगाडा. सरळ सांगतो, पीव्हीसीच्या पाइपला काळा रंग मारून खोटा केज लावतात लोक, तो करू नका, ठोकरीत त्याच्या फाका होऊन अंगात घुसतात. करायचा तर खरा, नाहीतर रिकामं बरं दिसतं. खऱ्या केजचं एफआयएचं (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) माप असं आहे: मुख्य हूप (सीटमागची कमान) ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २ मिमी, बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २, सगळा सीमलेस, कोल्ड ड्रॉन. रेलिंगवाला शिलाईचा पाइप नाही. पाय जिथं टेकतात तिथं ३ मिमी जाड अन् किमान १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट, बोल्ट एम८, ८.८ ग्रेडचे, कमीत कमी तीन. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे नियम आधी वाचून मगच पाइप कापा. अन् रोज रस्त्यावर हेल्मेटशिवाय केजमध्ये बसणं म्हंजे डोक्याच्या बाजूला लोखंडी दांडा बांधून फिरणं, म्हणून माझ्या गाडीत केज नाही. कोणी काही म्हणो.

त्याऐवजी को-ड्रायव्हरच्या समोर जीव ओता. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, त्यावर टॉगल स्विच, लवचिक मानेचा नकाशा वाचायचा दिवा, दोन जुनी घड्याळं, अन् त्या काळचा ट्रिप मीटर म्हंजे स्वीडनचा हाल्डा ट्विनमास्टर, तो न मिळाल्यास जुन्या सर्व्हिस मीटरच्या डबीतून डमी होतो. पायांना टेकायला चेकर्ड प्लेट. आग विझवायचा सिलिंडर मात्र खरा अन् भरलेला.

रंग, नंबर

मोबाईलच्या स्क्रीनवरून शेड काढू नका. मी काढली, ब्राइटनेस फुल होता, पॅनलवर जे आलं ते लग्नाच्या मांडवासारखं. जुने फोटो पिवळट पडलेले असतात, सावलीतला अन् बर्फातला फोटो एकाच गाडीचा असून दोन रंगांचा वाटतो. तीन-चार शेड भंगार दारावर मारा, बाहेर ठेवा, सकाळी नऊला अन् संध्याकाळी पाचला बघा, नागपूरच्या बाराच्या उन्हात सगळेच रंग पांढरे. त्या काळी बऱ्याच रॅली गाड्यांचं बॉनेट मॅट काळं असायचं, डोळ्यावर चमक येऊ नये म्हणून, तुमच्या फोटोत तसं असेल तरच करा. पावसाळ्यात पेंटला हात लावू नका, दमटपणाने धुरकट पांढरं चढतं. उन्हाळ्यात रंग हवेतच सुकून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आता आपल्या गावाचं नाव आहे ते ठीक, पण दारावर नको. पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, पेंटरच्या तोंडाला रुमाल नाही, कार्ट्रिजवाला मास्क, नसेल तर तुम्ही विकत घेऊन द्या.

दारावरचे आकडे अन् नावं रेडियमवाल्याकडून कटिंग करता येतात, पण जवळून ते फार नीटनेटके दिसतात. मी ट्रकच्या मागे लिहिणारा पेंटर गाठला, फोटोवरून आकडा मोठ्या कागदावर उतरवला, कडेने भोकं पाडून कोळशाची पुरचुंडी आपटली अन् मग ब्रश. कडेला ब्रशचा हलका थरथर राहतो, तो हवाच. रॅली प्लेट पुढे लावताना आपली नंबर प्लेट झाकली जाऊ देऊ नका, १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी लावायचीच आहे. अन् स्पॅनिश नंबर प्लेट खऱ्या नंबरच्या जागी लावून फोटोपुरतं पण रस्त्यावर जायचं नाही, एमएच-३१ ती एमएच-३१. स्पॅनिश प्लेट डॅशबोर्डवर ठेवा, छान दिसते.

पहिली चक्कर पहाटे काढा, काटोल रोडला ट्रॅफिक नसताना, वीस किलोमीटर, जास्त नाही. जॅक, पाना, पाणी, फ्यूज, एक मित्र सोबत. पाच किलोमीटरला थांबून चारही रिमला हात लावून बघा, एखादी जास्त गरम लागली तर ब्रेक पकडून राहिलाय. पन्नास किलोमीटरनंतर व्हील बोल्ट टॉर्क पान्याने परत कसा, आर्चचे बोल्ट पण, फायबर बसतं अन् ते ढिले होतात. आल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून गळती कळते. माझ्या पुठ्ठ्यावर तीन डाग होते, दोन ऑइलचे. तिसरा काकांच्या नातवाने सांडलेल्या उसाच्या रसाचा निघाला.